कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासमदत : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात एलएलबी करणारी मुलंमुली, शिवाय नोकरी-संसार सांभाळून पुन्हा वर्गात बसलेली मंडळी आम्हा काही वकिलांकडे शनिवारी दुपारी अभ्यासाला येतात. वेगवेगळ्या तोंडांनी तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. आम्ही फी घेत नाही आणि नोट्सही देत नाही. फी का नाही हे कोणी विचारत नाही, नोट्स का नाहीत हे मात्र सगळे विचारतात. तिथूनच सुरुवात करू.

पहिलं सेमिस्टर आहे, काहीच कळत नाही. गाइड घेऊ का?

घ्या, पण दुसऱ्या महिन्यात. पहिला महिना फक्त बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर. गाइडमध्ये, आणि नोट्समध्येही, कलमाचा सारांश असतो आणि सारांशात नेमके ते शब्द गळतात ज्यांच्यावर कोर्टात तास-दोन तास युक्तिवाद होतो.

चोरीचं कलम घ्या, भारतीय न्याय संहितेचं ३०३. वाक्य एकच, पण त्यात पाच गोष्टी आहेत : जंगम मालमत्ता, दुसऱ्याचा ताबा, त्याची संमती नसणं, घेणाऱ्याचा अप्रामाणिक हेतू, आणि त्यासाठी वस्तू हलवणं. आता रात्री कोणी तुमच्या बागेत शिरून हापूस उतरवला. झाडावरचा आंबा जमिनीला जोडलेला, म्हणजे जंगम नाही. मग चोरी कशाची? कलमाखालचं पहिलं स्पष्टीकरण वाचा : जमिनीला जोडलेली वस्तू तोडून वेगळी झाली की चोरीचा विषय होऊ शकते. दुसरं स्पष्टीकरण पुढे सांगतं की ज्या कृतीने वस्तू तोडली त्याच कृतीने ती हलवली, तरी चोरी होऊ शकते. देठ तुटला की झालं. आणि उतरवणारा खरोखरच समजत असेल की ते झाड आपल्या हद्दीत आहे, तर? मग अप्रामाणिक हेतू उरत नाही, गुन्हाही उरत नाही. हद्दीचा वाद दिवाणी कोर्टात जाईल.

हे सगळं अर्ध्या पानात आहे. कलम, स्पष्टीकरण, दृष्टांत, अपवाद, परंतुक या क्रमाने वाचायची सवय लागली की गाइड उपयोगी पडतं, कारण त्यात चुकलंय कुठे हे तुम्हालाच दिसायला लागतं.

जुनी कलमं पाठ करू की नवी?

नवी. पण जुनी ओळखता आली पाहिजेत. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाले. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते, त्यामुळे तालुका कोर्टाच्या बोर्डावर पुढची कित्येक वर्षं दोन्ही कायदे शेजारी शेजारी दिसणार. शिवाय तुम्ही वाचाल ते बहुतेक निवाडे जुन्या कलमांवरचेच आहेत.

दंड संहितेत ५११ कलमं होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. खुनाची शिक्षा ३०२ वरून १०३ वर गेली, फसवणुकीचं ४२० आता ३१८ च्या चौथ्या पोटकलमात आहे, ४९८-अ चं ८५ झालं. पोटगीचं १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे, आणि जमावबंदीचं प्रसिद्ध १४४ तिथे १६३ झालंय. गोंधळ होतो तो इथेच, कारण जुना आकडा नव्या कायद्यात दुसऱ्याच विषयाला चिकटलेला आहे. सगळ्यात फसवं ४८२. फौजदारी प्रक्रिया संहितेत ते हायकोर्टाच्या अंगभूत अधिकारांचं कलम होतं, एफआयआर रद्द करायला वापरायचे. नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार ५२८ मध्ये. परीक्षेत नुसता आकडा लिहू नका, कायद्याचं नाव जोडा. नुसत्या आकड्यावरून तुम्हाला जुना कायदा अभिप्रेत आहे की नवा, हे तपासणाऱ्याने ओळखायचं कसं?

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजीत जमेल का? मराठीत पेपर लिहिला तर मार्क कमी पडतात का?

या जिल्ह्यांतली कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि उत्तरं मराठीतून लिहिण्याची सोय आहे. परीक्षेचा फॉर्म भरतानाच माध्यमाचं कॉलेजच्या ऑफिसात पक्कं करून घ्या. मराठीमुळे मार्क जात नाहीत. जातात ते अर्धवट मराठीमुळे : पारिभाषिक शब्द एका ओळीत ‘संविदा’, पुढच्या ओळीत ‘करार’, तिसरीत ‘कॉन्ट्रॅक्ट’. एक शब्द निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. पहिल्यांदा लिहिताना इंग्रजी शब्द देवनागरीत शेजारी दिला की तपासणाऱ्यालाही बरं पडतं. प्रतिशब्दांसाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत.

महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे, १९९८ च्या अधिसूचनेपासून. वादपत्र, कैफियत, पुरसीस, उलटतपास सगळं मराठीत चालतं. हायकोर्टात मात्र इंग्रजी, आणि निवाडेही मुख्यतः इंग्रजीत. म्हणून आमचा सल्ला दुहेरी आहे : पेपर ज्या भाषेत विचार करता तिच्यात लिहा, आणि रोज एका निवाड्याची दोन पानं इंग्रजीत मोठ्याने वाचा. मोठ्याने, कारण कायद्यातली लांब वाक्यं डोळ्यांनी वाचताना निसटतात, तोंडाने वाचताना कुठे थांबायचं ते कळतं.

प्रॉब्लेमचा प्रश्न कसा सोडवायचा? उत्तर येतं, पण मार्क मिळत नाहीत.

कारण तुम्ही निकाल लिहिता, वाट लिहीत नाही. वर्गात नेहमी देतो ते उदाहरण घ्या.

शंकरच्या घराकडे जाणारी पायवाट बाळकृष्णाच्या कलमबागेतून जाते. शंकरच्या घरचे पंचवीस वर्षं तिथून ये-जा करतात. मे महिन्यात बाळकृष्णाने आडवा चिऱ्याचा गडगा घातला. शंकरला काय उपाय?

दहातली आठ मुलं लिहितात : ‘वीस वर्षांहून जास्त वापर आहे, म्हणून शंकरला वहिवाटीचा हक्क मिळाला.’ एवढ्याला फार तर निम्मे मार्क.

आधी मुद्दा एका ओळीत मांडा : शंकरला पायवाटेवर सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीचा ठरावीक वापर करण्याचा हक्क) मिळाला आहे का, आणि असल्यास गडगा काढून मागता येईल का? मग कायदा. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२, कलम १५ : वापर शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून, अडथळ्याविना वीस वर्षं. आणि ती वीस वर्षं दावा दाखल करण्याच्या आधीच्या दोन वर्षांत संपलेली हवीत. हा शेवटचा तुकडा निम्म्या गाइडांत नसतो. आता तथ्यांना कलम लावा. पंचवीस वर्षं दिली आहेत, पण वापर ‘हक्क म्हणून’ होता का? बाळकृष्णाच्या वडिलांनी ‘जा रे खुशाल, आपलीच वाट आहे’ असं म्हटलं असेल, तर ती परवानगी झाली. कलम ५२ प्रमाणे ते लायसन्स, आणि परवानगीच्या वापरातून वहिवाट पिकत नाही. गडग्याचं काय? अडथळा कळल्यावर वर्षभर गप्प बसलात तरच कायदा त्याला खंड मानतो, म्हणजे शंकरकडे अजून वेळ आहे.

पुढचा मुद्दा मी कोकणातल्या मुलांकडून हमखास अपेक्षितो. शंकर आणि बाळकृष्ण भाऊबंद असतील, आणि पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत जमीन सामाईक असेल, तर? स्वतःच्याच जमिनीवर सुविधाधिकार नसतो. मग पंचवीस वर्षं मोजून उपयोग नाही. पण वाटपानंतर शंकरला दुसरी वाटच उरली नसेल, तर कलम १३ खाली गरजेचा सुविधाधिकार मागता येईल. आपल्याकडचे वाटेचे निम्मे वाद याच जातीचे असतात आणि पेपर काढणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

शेवटी उपाय : दिवाणी कोर्टात हक्काची घोषणा आणि मनाई हुकूम, गडगा काढण्यासाठी आज्ञार्थी मनाई हुकूम, सगळं विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ खाली. शिवाय मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ प्रमाणे तहसीलदारांकडे दावा, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मग निष्कर्ष, तोही ‘जर-तर’सकट. ‘तथ्यं अपुरी आहेत’ असं लिहायला घाबरू नका, फक्त कोणतं तथ्य हवं होतं आणि त्याने काय फरक पडला असता ते सांगा.

निवाडे कुठे वाचायचे? ऑनलाइन डेटाबेसची वर्गणी परवडत नाही.

वर्गणीची गरज नाही. सुप्रीम कोर्टाचे अधिकृत अहवाल ई-एससीआरवर २०२३ पासून मोफत आहेत, बऱ्याच निवाड्यांचा मराठी अनुवादही मिळतो. अनुवाद समजण्यासाठी वाचा, उद्धृत मूळ इंग्रजीतून करा. हायकोर्टांचे निवाडे ई-कोर्ट्सच्या निवाडा-शोध पोर्टलवर आहेत, कायद्यांचा अधिकृत मजकूर इंडिया कोडवर, आणि झटपट शोधायला इंडियन कानून. बार रूममध्ये ‘महाराष्ट्र लॉ जर्नल’ आणि एआयआरचे (ऑल इंडिया रिपोर्टरचे) जुने बांधीव खंड धूळ खात पडलेले असतात. विचारलंत तर कोणी नाही म्हणत नाही, उलट एखादे जुने वकील शेजारी बसून त्या केसमागची हकीकत सांगत बसतील. तास जाईल, पण जाऊ द्या.

चॅटजीपीटीने दाखले दिले. प्रोजेक्टमध्ये घालू?

प्रत्येक दाखला ई-एससीआर किंवा हायकोर्टाच्या साइटवर स्वतः उघडून पाहिल्याशिवाय एकही घालू नका. अशी साधनं अस्तित्वात नसलेल्या केसेस नाव, वर्ष, पान नंबरासकट बनवून देतात. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी असेच बनावट दाखले कोर्टात दिले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. अवघड परिच्छेद सोपा करून घ्यायला, स्वतःच्या उत्तरावर उलट प्रश्न विचारून घ्यायला वापरा. तिथे ते कामाचं आहे.

हजेरी ७० टक्के नाही भरली तर?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते, मूट (म्हणजे लुटूपुटूच्या कोर्टातला सराव) आणि प्रात्यक्षिकांनाही. अपवादात्मक कारण असेल तर एखाद्या विषयात ६५ टक्के चालवून घेता येतात, पण सगळ्या विषयांची मिळून ७० भरली पाहिजे. आजारपणाचे कागद त्याच आठवड्यात कॉलेजला द्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आणलेलं सर्टिफिकेट बघून ऑफिसातले क्लार्क काय समजायचं ते समजतात.

मंडणगडहून किंवा दोडामार्गहून रोज एसटीने येणाऱ्यांची अडचण खरी आहे. पावसात घाट बंद झाला तर तसा अर्ज त्याच दिवशी द्या, पोच घ्या. पोच घेण्याची सवय वकिलीतही लागेल.

इंटर्नशिपला मुंबईला जावंच लागतं का?

नाही. तीन वर्षांच्या एलएलबीला एकूण किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्याला २० आठवडे लागतात, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. हे कुठे करायचं? वकिलाच्या ऑफिसात, कोर्टात, विधी सेवा प्राधिकरणात, स्थानिक स्वराज्य संस्थेत. मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाच्या मुलाच्या वाट्याला बहुधा झेरॉक्स आणि तारखांचा तक्ता येतो. देवगड किंवा खेडच्या कोर्टात तोच मुलगा पहिल्या आठवड्यात साक्ष चालू असताना सिनिअरच्या मागे उभा असतो.

गेल्यावर काय बघायचं ते ठरवून जा. सकाळी साडेदहाला बोर्ड वाचा. एक दिवाणी आणि एक फौजदारी प्रकरण निवडा, त्यांचे सीएनआर नंबर (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) वहीत घ्या आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढच्या तारखा पाहत राहा. प्रात्यक्षिकाच्या पेपरात दोन खटल्यांच्या निरीक्षणाला ३० गुण आहेत, तीन मूटना मिळून ३०, पक्षकाराच्या मुलाखती, दाव्याची तयारी आणि डायरीला ३०, आणि तोंडी परीक्षेला १०. डायरीत ‘आज कोर्टात गेलो, कामकाज पाहिले’ असं लिहिणाऱ्याला तोंडी परीक्षेत पहिल्या प्रश्नाला घाम फुटतो.

त्याऐवजी असं लिहा : ‘नि. ५ वर युक्तिवाद. वादीतर्फे प्रथमदर्शनी केस, सोयीचा समतोल, भरून न येणारं नुकसान हे तीन मुद्दे. प्रतिवादीने म्हणणं दाखल केलं, सोबत सातबारा आणि फोटो. कोर्टाने विचारलं : आज ताबा कोणाचा?’ निशाणी ५ म्हणजे आपल्याकडच्या दिवाणी कोर्टात तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज. पुस्तकात ते आदेश ३९, नियम १ व २ म्हणून भेटतं, बार रूममध्ये सगळे ‘एक्झिबिट फाइव्ह’ म्हणतात. ही दोन नावं एकाच गोष्टीची आहेत हे कळणं म्हणजेच अर्धी इंटर्नशिप.

कपडे साधे, मोबाइल बंद. साक्ष चालू असताना सिनिअरच्या कानात कुजबुजू नका, चिठ्ठी द्या. आणि पक्षकाराची नावं डायरीत पूर्ण लिहू नका.

घरचा सातबारा अभ्यासाला उपयोगी पडतो का?

फार. मालमत्ता, वारसा आणि महसूल कायदा एकाच कागदावर शिकायचा तर याहून चांगला नमुना नाही. आपल्याकडे एका गटावर वीस-वीस नावं, त्यातली निम्मी चाकरमान्यांची, चार मयत, आणि इतर हक्कांत कोणा कुळाचं नाव. ते नाव दिसलं की कूळकायद्याकडे वळा : १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कूळ मालक झाल्याचं मानलं गेलं, आणि कलम ३२-ग खाली किंमत ठरवण्याची कारवाई. त्याच्या मागे गेलात तर खोती, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची जुनी जमीनपद्धत. आपल्या जिल्ह्यांतली खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण त्याआधी अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांचा १९३३ ते १९३९ चा संप आहे, आणि १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात मांडलेलं खोती निर्मूलनाचं विधेयक आहे.

फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलांची नोंद) वाचताना लक्षात ठेवा, महसुली नोंद मालकी देत नाही. नाव लागलं म्हणून मालक झाला असं नाही, आणि बहिणीचं नाव लागलं नाही म्हणून तिचा हिस्सा गेला असंही नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकीच हक्कदार, झाली. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. गणपतीला सगळी भावंडं घरी आली की हक्कसोडपत्राचा विषय निघतो. असं पत्र नोंदणीकृत लागतं, हे तुम्हाला माहीत असेल. पण तिथे सल्ला देत बसू नका. तुम्ही अजून विद्यार्थी आहात, आणि एका बाजूचे नातेवाईकही.

मूटची भीती वाटते. बोलता येत नाही.

बोलता न येणारे बरे. जे भाषण ठोकतात त्यांना न्यायाधीशाच्या पहिल्या प्रश्नाला थांबता येत नाही. मूट म्हणजे प्रश्नांना उत्तरं. तयारीत एका मित्राला फक्त मध्येच तोडायचं काम द्या.

प्रोजेक्टला विषय सुचत नाही. सगळे ‘महिला सक्षमीकरण’ घेतात.

घराबाहेर बघा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. बाहेरचा आंबा ‘रत्नागिरी’च्या पेटीत घालून विकला तर कोणी, कुठे आणि कोणत्या कलमाखाली जायचं? अधिकृत वापरकर्ता कोण? दोन बागायतदार आणि एक दलाल यांच्याशी बोलून आलात की प्रोजेक्ट उभा राहतो. किनाऱ्यावर राहत असाल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध : १९९१ ची पहिली अधिसूचना, मग २०११, मग २०१९, आणि दर वेळी कोळीवाड्यातल्या घराचं काय झालं. मासेमारीत रस असेल तर १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आणि त्यातली २०२१ ची दुरुस्ती.

आणि महाड. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. त्यानंतर दिवाणी दावा झाला, त्या डिसेंबरात तात्पुरता मनाई हुकूम निघाला आणि प्रकरण थेट मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं, हे कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही बऱ्याचदा ठाऊक नसतं. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर, निकाल १९३७. प्रश्न होता रूढीचा : अस्पृश्यांना तळ्यावरून दूर ठेवण्याची प्रथा अनादी काळापासून आहे हे वादींना सिद्ध करता आलं का? आलं नाही. दावा पडला. रूढी सिद्ध करण्याचा भार, सार्वजनिक तळ्याची मालकी आणि मनाई हुकूम हे तीन धडे एका निवाड्यात आहेत. तो वाचायला मुंबई लॉ रिपोर्टरचा ३९ वा खंड काढा.

लीगल एड क्लिनिकमध्ये खरंच काही शिकायला मिळतं का, की नुसता फोटोपुरता कार्यक्रम?

दोन्ही प्रकार पाहिले आहेत. बॅनर, हार, भाषण आणि चहा असेल तर चहा पिऊन घरी या. चांगल्या क्लिनिकमध्ये तुम्ही टेबलाशी बसता, माणूस समोर येतो आणि तुम्ही लिहून घेता. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चं कलम १२ पाठच असू द्या : स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आपत्तीग्रस्तांनाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. कागदपत्रं वाहून गेलेल्या माणसाला ‘तुम्हाला मोफत वकील मिळतो’ हे सांगायला तेव्हा कायद्याचा पदवीधर लागत नव्हता, कलम १२ माहीत असलेला कोणीही चालला असता.

मुलाखत घेताना पहिली पाच मिनिटं लिहू नका, ऐका. मग तारखा लावून घ्या. माणसं हकीकत रागाच्या क्रमाने सांगतात, वादपत्र तारखांच्या क्रमाने लिहावं लागतं.

हायकोर्ट बघायला कुठे जायचं?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूरही आहेत. रायगडची मुंबईलाच. कॉलेजच्या पत्रासह गेलात तर बसू देतात.

फी परवडत नाही. कुठल्या योजना आहेत?

महाडीबीटी पोर्टलवर दर वर्षी अर्ज करावा लागतो, मागच्या वर्षीचा पुढे चालत नाही, नूतनीकरण वेगळं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, याच उत्पन्न मर्यादेतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश सीईटीच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला हे मिळत नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढा आणि बँक खात्याला आधार जोडलेलं आहे ना ते बघा. अर्ज अडकतो तो बहुधा इथे.

केटी लागली. वर्ष वाया गेलं का?

नाही. आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवा, मग पुनर्मूल्यांकनाचं ठरवा. दोन्हींची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. प्रत हातात आली की सुटलेला मुद्दा कोणता आणि वाचता न आलेलं अक्षर कोणतं ते वेगळं काढा. अक्षरामुळे केटी लागलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. त्यांच्यावर उपाय फक्त घड्याळ लावून लिहिण्याचा आहे.

पास झाल्यावर सनद कशी मिळते? खर्च किती?

महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. सुप्रीम कोर्टाने ३० जुलै २०२४ च्या निकालात सांगितलं की ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये ठरलेल्या रकमेहून जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही : सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५. त्यानंतर ऑल इंडिया बार एक्झामिनेशन. शंभर बहुपर्यायी प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, पास व्हायला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. बेअर अ‍ॅक्ट नेता येतात, पण त्यात टिपा लिहिलेल्या चालत नाहीत. तीन वर्षं कोऱ्या बेअर अ‍ॅक्टमधून अभ्यास केलेल्याला ही परीक्षा जड जात नाही. गाइडवाल्यांना कलम शोधण्यातच वेळ जातो.

मला वकिली नको, थेट न्यायाधीश व्हायचंय. लगेच परीक्षा देऊ?

आता नाही. २० मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. मोजणी तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून होते, म्हणून निकाल लागला की नोंदणीला उशीर करू नका. न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरतात. परीक्षा एमपीएससी घेते : पूर्व, मुख्य, मुलाखत.

ती तीन वर्षं कोणत्या सिनिअरकडे काढता हे महत्त्वाचं. ज्यांच्याकडे दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कामं आहेत आणि जे ज्युनिअरला उलटतपासाचे प्रश्न लिहून काढायला लावतात, त्यांच्याकडे जा. पैसे सुरुवातीला थोडेच मिळतील, त्याची बोलणी पहिल्याच दिवशी करून घ्या.

वयाचं विचारणाऱ्यांसाठी : एलएलबीच्या सीईटीला वयाची वरची अट नाही. न्यायाधीशपदाच्या जाहिरातीत मात्र असते, ती आधी बघून मगच हिशेब मांडा.